चुंबक काय ओढते, काय ओढत नाही?



चुंबकाचा धडा आपण सर्वांनी शाळेत शिकलेला आहे. चुंबकाला उत्तर व दक्षिण असे दोन ध्रुव असतात, चुंबक लोखंडाला ओढते, एवढे बहुतेकांच्या लक्षात असते. परंतु हे ज्ञान वहीत राहते, गोठ्यात व विहिरीवर येत नाही. ते का यावे, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्या घरची एक गोष्ट सांगतो.

मी शाळेत असताना आमच्याकडे एक देवणी गाय होती. दुसऱ्या वेताची व स्वभावाने गरीब. त्या वर्षी घराच्या स्लॅबचे काम चालू होते आणि कडब्याची गंजी त्याच अंगणात होती. एके दिवशी गायीने वैरण सोडली. रवंथ बंद झाले, पाठ कमानीसारखी वाकली. अपचन असेल म्हणून आम्ही घरगुती औषध पाजले व चार दिवस घालविले. नंतर तिच्या पोळीखाली सूज आली. डॉक्टरांना आणले तेव्हा वेळ निघून गेली होती. गाय गेल्यावर डॉक्टरांनी शवविच्छेदन करून दाखविले. सळ्या बांधण्याच्या तारेचा बोटाएवढा तुकडा पोटातून पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत गेला होता. त्याच महिन्यात चुंबकाच्या धड्यावर मला चांगले गुण मिळाले होते. दप्तरात पट्टीचुंबकही होते. ते कधी कुट्टीत फिरवून पाहावे, हे मात्र घरात कोणालाच सुचले नाही.

म्हणून या लेखात चुंबकाचा धडा पुन्हा एकदा पाहू. घरात शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांना सोबत घेऊन हा लेख वाचावा व प्रयोग त्यांच्याकडूनच करून घ्यावेत.

चुंबक व त्याचे ध्रुव

निसर्गात मॅग्नेटाइट नावाचे लोहाचे काळे खनिज सापडते. त्याचे काही दगड मुळातच चुंबक असतात. माणसाला चुंबकाची ओळख अशा दगडांमुळे झाली. आज वापरात असलेली चुंबके मात्र कारखान्यात तयार होतात. त्यांचे तीन प्रकार आपल्या पाहण्यात येतात. पहिला, रेडिओ व लाउडस्पीकरमधील काळसर कडे, म्हणजे फेराइट चुंबक. ते स्वस्त असते, पण ठिसूळ असते. दुसरा, अल्निको. ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट हे धातू लोखंडात मिसळून ते तयार करतात. तिसरा, निओडिमियम चुंबक. हे चांदीसारखे चकचकीत, आकाराने लहान व अतिशय जोरदार असते. मोबाइलच्या व इअरफोनच्या स्पीकरमध्ये हेच असते.

चुंबकाची ओढ सर्व भागांत सारखी नसते. पट्टीचुंबक लोखंडाच्या किसात बुडवून वर काढले, तर दोन्ही टोकांना किसाचे झुपके लागतात व मध्यभाग जवळपास मोकळा राहतो. या टोकांनाच ध्रुव म्हणतात. चुंबक दोऱ्याने मधोमध आडवे टांगले तर ते हेलकावे खाऊन दक्षिणोत्तर स्थिर होते. उत्तरेकडे राहणारे टोक उत्तर ध्रुव व दक्षिणेकडे राहणारे टोक दक्षिण ध्रुव होय. स्पीकरमधील कड्याला टोके नसतात. त्याचे ध्रुव वरच्या व खालच्या सपाट बाजूंवर असतात.

दोन चुंबके जवळ आणली असता उत्तर-उत्तर किंवा दक्षिण-दक्षिण असे सारखे ध्रुव एकमेकांना दूर लोटतात. उत्तर व दक्षिण हे विरुद्ध ध्रुव एकमेकांना ओढतात. पट्टीचुंबकाचे मधोमध दोन तुकडे केले तर एका तुकड्यात उत्तर व दुसऱ्यात दक्षिण ध्रुव राहील असे वाटते. तसे होत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात.

एखादी वस्तू चुंबक आहे की साधे लोखंड, हे ओढीवरून कळत नाही, कारण चुंबक दोघांनाही ओढते. परंतु लोखंडाला चुंबक कधीच दूर लोटत नाही. म्हणून दूर लोटले जाणे हीच चुंबकाची खरी खूण समजावी.

मुलांसोबत करावयाचे प्रयोग

१) दुकानातून एखादे पट्टीचुंबक आणावे किंवा निकामी रेडिओचा स्पीकर घ्यावा. घरातील खिळा, विळा, जस्ताच्या मुलाम्याची तार, तांब्याचा तांब्या, पितळी घंटी, ॲल्युमिनियमचे पातेले, स्टीलचा डबा, प्लॅस्टिक, लाकूड आणि आजचे एक रुपयाचे नाणे या वस्तूंना ते लावून पाहावे. काय चिकटते व काय चिकटत नाही, याची यादी मुलांना करायला सांगावी.

२) चुंबक व खिळा यांच्यामध्ये वहीचे एक पान, नंतर दहा पाने, नंतर पूर्ण वही ठेवावी. ओढ किती झपाट्याने कमी होते ते दिसेल. कागद ओढ अडवीत नाही. ओढ कमी होते ती अंतर वाढल्यामुळे.

३) शिवणाची सुई घेऊन तिच्यावर चुंबकाचा एकच ध्रुव एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासावा. परत येताना चुंबक उचलून घ्यावे. ही सुई थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या वाटीतील पाण्यात तरंगत ठेवावी. ती दक्षिणोत्तर दिशा दाखवील. झाले आपले होकायंत्र. वाटी स्टीलची घेऊ नये.

या तीन प्रयोगांतून दोन प्रश्न हाती लागतात. पहिला, जी वस्तू ओढायची आहे ती चुंबकीय आहे का? दुसरा, ती चुंबकाच्या पुरेशी जवळ येते का? शेतीत चुंबक कोठेही वापरताना, अथवा कोणी चुंबकाची वस्तू विकायला आल्यास, हे दोन प्रश्न विचारावेत.

चुंबकीय व अचुंबकीय पदार्थ

हाताला जाणवेल अशी ओढ लोखंड, निकेल व कोबाल्ट हे धातू, त्यांचे अनेक मिश्रधातू आणि मॅग्नेटाइटसारखी काही खनिजे यांनाच लागते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, शिसे, जस्त, सोने व चांदी यांना साधे चुंबक ओढत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली तार चिकटते, कारण आत लोखंड असते. आपला एक रुपया चिकटतो, कारण तो चुंबकीय जातीच्या स्टीलचा आहे. स्वयंपाकघरातील अनेक भांडी मात्र निकेल किंवा मँगनीज मिसळलेल्या स्टीलची असतात व ती चिकटत नाहीत. म्हणजे स्टील दोन्ही प्रकारचे असते. चिकटले म्हणून भांडे खोटे, असा अर्थ काढू नये.

खरेदीच्या वेळी हे ज्ञान उपयोगी पडते. फवाऱ्याचे नोझल, कॉक किंवा फूट व्हॉल्व्ह 'पितळी' म्हणून विकत घेताना चुंबक लावून पाहावे. ते जोराने चिकटले, तर आत लोखंड आहे व वर फक्त मुलामा आहे असे समजावे. चिकटले नाही म्हणून ते पितळच, असे मात्र म्हणता येत नाही. जस्त व ॲल्युमिनियमच्या ओतीव वस्तूही चिकटत नाहीत. तसेच मोटारीचे वाइंडिंग तांब्याचे की ॲल्युमिनियमचे, हे चुंबकाने कळणार नाही, कारण दोन्ही अचुंबकीय आहेत.

पृथ्वी, होकायंत्र व सौर पंप

टांगलेले चुंबक दक्षिणोत्तर का राहते? कारण पृथ्वी स्वतः एका मोठ्या चुंबकासारखी वागते. तिच्या पोटातील वितळलेल्या लोहाच्या हालचालीतून हे चुंबकत्व निर्माण होते. त्याचे मोजमाप आपल्या महाराष्ट्रात फार जुने आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ही नोंद होऊ लागली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे सुईची नोंद बिघडली असती. म्हणून त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली व १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. आजही ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत चालते.

वेधशाळा हलविण्याची वेळ ज्या कारणाने आली, ते आपणही ध्यानात ठेवावे. सुई फार नाजूक असते. जवळचे लोखंड व विजेची तार तिला फसविते. शेतात सौर पंप बसविताना पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे करतात. दिशा पाहण्यासाठी होकायंत्र किंवा मोबाइलमधील होकायंत्र वापरणार असाल, तर लोखंडी सांगाडा, ट्रॅक्टर व चालू केबल यांपासून आठ-दहा पावले दूर उभे राहून दिशा पाहावी, तेथे दोन खुंट्या ठोकून दोरी धरावी व मग ती रेषा सांगाड्यापर्यंत आणावी. मोबाइलमध्येही पृथ्वीचे चुंबकत्व जोखणारा छोटा भागच असतो. सांगाड्यावर मोबाइल ठेवून पाहिलेली दिशा चुकीची निघू शकते.

आपल्या रानातील चुंबकीय माती

परभणी जिल्ह्यातील काळी माती ही बेसॉल्ट म्हणजे काळ्या कातळापासून झालेली आहे. या कातळात मॅग्नेटाइटच्या जातीच्या खनिजाचे बारीक कण असतात. रानातील वाळलेली माती बारीक करून कागदावर पसरावी. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातून फिरवावे. पिशवीला काळे कण चिकटलेले दिसतील. गोदावरी, पूर्णा किंवा दुधना नदीच्या वाळूत हे कण अधिक सहज सापडतात. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढले की कण वेगळे होतात.

हा कातळ मुख्यतः सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने पसरला. तो थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्याच्या कणांत कायम झाली. शास्त्रज्ञांनी ती मोजली तेव्हा दोन गोष्टी दिसून आल्या. त्यातील बराचसा लाव्हा थिजला त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते, आणि आपली भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आपल्या बांधावरच्या दगडात एवढा जुना इतिहास साठविलेला आहे.

येथे शेतकऱ्यांचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मातीत लोहाचे कण दिसले म्हणजे पिकाला लोह मिळते असे नाही. आपल्या अनेक जमिनी चुनखडीच्या असून त्यांचा सामू जास्त आहे. अशा जमिनीत लोह भरपूर असूनही ते न विरघळणाऱ्या स्वरूपात राहते व मुळांना घेता येत नाही. भुईमूग, सोयाबीन व ऊस यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. चुंबकाला लागलेला कण पिकाच्या ताटात आलेला नसतो. यासाठी माती परीक्षण हाच मार्ग आहे. लोहाची कमतरता आढळल्यास फेरस सल्फेटची, म्हणजे हिराकसाची, ०.५ टक्के (१० लिटर पाण्यात ५० ग्रॅम) फवारणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. शेणखताचा वापर वाढवावा.

गोठ्यातील तार व खिळे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गाय, बैल व म्हैस ही जनावरे चारा नीट न चावता भराभर गिळतात व नंतर रवंथ करतात. त्यामुळे चाऱ्यातील तार, खिळा किंवा सुई तोंडात जाणवत नाही. जड वस्तू जाळीपोटात, म्हणजे रेटिक्युलममध्ये, जाऊन बसते. या पोटापुढे एक पातळ पडदा व त्यापलीकडे अगदी थोड्या अंतरावर हृदय असते. जाळीपोट सतत आकुंचन पावत असल्याने टोकदार तुकडा पुढे सरकतो. शेवटच्या महिन्यात गाभण जनावरात पोटावरचा दाब वाढून धोका आणखी वाढतो. शेळी निवडून खाते, म्हणून तिच्यात हा प्रकार कमी दिसतो.

लोखंड कोठून येते, याचा विचार करावा. घर बांधणीच्या तारेचे तुकडे, मळणी यंत्राचे तुटलेले खिळे, कुंपणाची तार, लग्नातील व देवळातील हारांची तार, कागदाच्या टाचण्या ही नेहमीची ठिकाणे आहेत. पोळ्याच्या सणाला आपण बैलांना बाशिंगे, बेगड व झुली घालतो. त्यांच्या तारा व टाचण्या दुसऱ्या दिवशी गव्हाणीत सापडतात. कडबा कुट्टी यंत्रामुळे चाऱ्याची बचत होते, हे खरे आहे. परंतु पेंढीत तार असेल तर यंत्र तिचे बोटभर टोकदार तुकडे करते, आणि हीच लांबी सर्वांत घातक आहे. म्हणून यंत्र वापरणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती औषधात वेळ घालवू नये :

१) वैरण व दूध अचानक कमी होणे, रवंथ बंद पडणे.
२) पाठ कमानीसारखी वाकविणे, पुढील पायांची कोपरे बाहेर काढून उभे राहणे.
३) उतारावरून चालताना, वळताना किंवा बसताना कण्हणे.
४) नंतरच्या अवस्थेत मानेची शीर फुगणे, पोळीला व जबड्याखाली सूज येणे.

अशा वेळी त्वरित पशुवैद्यकांना बोलवावे. सुरुवातीच्या अवस्थेत औषधोपचार व पोटाची शस्त्रक्रिया करून जनावर वाचविता येते. हृदयाचे आवरण दुखावल्यानंतर वाचण्याची आशा फार कमी राहते. परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय असून गंभीर जनावरे तेथील चिकित्सालयात नेता येतात.

प्रतिबंधासाठी चुंबकाचा उपयोग दोन ठिकाणी होतो.

अ) चाऱ्यात : कुट्टी यंत्राच्या तोंडातून कुट्टी जेथे घसरून पडते, त्या पत्र्याच्या घसरणीवर फेराइटची चुंबके ओळीने पक्की बसवावीत. कुट्टीचा थर पातळ राहील असे पाहावे. वर सांगितलेला वहीचा प्रयोग आठवावा. थर वीतभर असेल तर वरची तार चुंबकाला सापडणार नाही. भुसा किंवा भुसकट देताना ते टोपलीत पातळ पसरून कापडात गुंडाळलेले चुंबक त्यातून फिरवावे. कापड उलटे केले की तुकडे सुटतात. चुंबक रोज साफ करावे, नाहीतर जमलेले तुकडे परत चाऱ्यात पडतात. यंत्र चालू असताना हात घालू नये.

आ) जनावराच्या पोटात : जनावरांसाठी खास गुळगुळीत, बोटाएवढे लांब चुंबक मिळते. साधारण वर्ष-दीड वर्षाच्या कालवडीला पशुवैद्यक ते तोंडावाटे देतात. ते जाळीपोटात जाऊन आयुष्यभर राहते व गिळलेल्या तारा स्वतःला चिकटवून ठेवते. त्यामुळे त्या टोचत नाहीत. एका जनावरास एकच चुंबक पुरेसे असते. बाजारातून आणलेल्या जनावरास ते पूर्वी दिले आहे की नाही, हे होकायंत्राने पाहता येते. डाव्या बाजूस कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या भागाजवळ होकायंत्र धरले असता सुई वळली तर पोटात चुंबक आहे असे समजावे. हे चुंबक पशुवैद्यकांकडूनच द्यावे. स्पीकरचे तुकडे किंवा खेळण्यातील चुंबके जनावराला कधीही देऊ नयेत.

मात्र पोटात चुंबक आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार, काच, हाड आणि प्लॅस्टिक यांना ते धरीत नाही. पहिला प्रश्न येथेही विचारावा : वस्तू चुंबकीय आहे का? म्हणून अंगण स्वच्छ ठेवणे, बांधकामाच्या ठिकाणापासून गंजी दूर रचणे व हार तारा काढूनच जनावरापुढे टाकणे, हेच पहिले उपाय आहेत.

स्टार्टरमधील चुंबक

लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची वेटोळी गुंडाळून वीज सोडली की विद्युतचुंबक तयार होते. सुईचे पोलाद एकदा चुंबक झाले की बराच काळ चुंबक राहते. मऊ लोखंडाचे तसे नाही. वीज बंद होताच त्याचे चुंबकत्व जवळपास संपते. या गुणावर विहिरीवरील स्टार्टर चालतो. हिरवे बटन दाबल्यावर कॉइल गाभ्याला चुंबक बनविते, ते संपर्क ओढून धरते व मोटार चालू राहते. वीज गेली किंवा व्होल्टेज फार उतरले की पकड सुटते व मोटार बंद होते. वीज परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही. ही मोटारीची व माणसाची राखण आहे.

रात्री वीज येते, उठून जावे लागू नये म्हणून काही ठिकाणी बटनात काडी खोचतात किंवा संपर्क दोरीने बांधून ठेवतात. असे केल्यास व्होल्टेज कमी असताना मोटार जोडलेलीच राहते व जळते. मोटार बंद आहे असे समजून कोणी दुरुस्तीस उतरला असेल आणि वीज आली, तर जीव जाऊ शकतो. आपोआप चालू होण्याची सोय हवीच असेल तर फेज व व्होल्टेज तपासणारे योग्य उपकरण जाणकार तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावे आणि दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत. स्टार्टर जोराने गुणगुणत असेल तर गाभ्याच्या तोंडावर धूळ, गंज किंवा मुंग्या असण्याची शक्यता असते, अथवा व्होल्टेज कमी असते. वीज पूर्ण बंद करून ते साफ करून घ्यावे.

'चुंबकीय पाणी' घेण्यापूर्वी

पाइपला चुंबक बसवून खारे पाणी गोड होते, जमिनीतील क्षार निघून जातात, उत्पादन वाढते, अशा जाहिराती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात. किंमत हजारो रुपये असते. येथे आपला पहिला प्रश्न विचारावा. पाण्यात विरघळलेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व क्लोराइड हे चुंबकाला चिकटणारे पदार्थ आहेत का? नाहीत. पाणी पाइपातून पुढे जाते तेव्हा क्षारही त्याच्यासोबत पुढे जातात. चुंबक त्यांना धरून ठेवीत नाही. चुंबकातून गेलेल्या पाण्याचा पिकावर परिणाम पाहणारे प्रयोग निरनिराळ्या देशांत झालेले आहेत, परंतु त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यांच्या भरवशावर खर्च करणे योग्य ठरणार नाही.

विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा परीक्षा करावी. यंत्राआधीचे व यंत्रानंतरचे पाणी दोन स्वच्छ बाटल्यांत भरून त्यांवर फक्त १ व २ असे आकडे टाकावेत आणि माती व पाणी परीक्षण प्रयोगशाळेत क्षारतेची तपासणी करून घ्यावी. दोन्हींची क्षारता सारखी आली, तर पैसे कशासाठी द्यायचे? पाणी खारे असल्यास निचऱ्याची सोय, क्षार सहन करणारे पीक, शक्य असेल तेथे चांगल्या पाण्यात मिसळून वापर, आणि जमीन चोपण झाली असल्यास परीक्षणानुसार जिप्सम व हिरवळीचे खत हे उपाय करावेत. कालव्याखालील जमिनीत निचऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे.

दक्षता

१) चुंबक आपटू नये व विस्तवाजवळ ठेवू नये. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसला आपले चुंबकत्व गमावते. निओडिमियमची साधी चुंबके मात्र ८० अंशांच्या पुढेच कमजोर होऊ लागतात.
२) पट्टीचुंबके जोडीने, विरुद्ध ध्रुव एका बाजूस येतील अशी ठेवावीत व टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे लावावेत.
३) निओडिमियमचे छोटे मणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. दोन मणी गिळले गेल्यास ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून आतडे चिमटतात व त्यास भोक पडते. शंका आली तरी मुलास ताबडतोब दवाखान्यात न्यावे.
४) ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे, त्यांनी जोरदार चुंबकापासून दूर राहावे.

थोडक्यात

चुंबक लोखंडाला ओढते, क्षाराला, तांब्याला व प्लॅस्टिकला ओढत नाही. जवळचे ओढते, लांबचे ओढत नाही. एवढा धडा पक्का झाला तर गोठ्यातील जनावर, विहिरीवरील मोटार व खिशातील पैसा यांची राखण होते. आज संध्याकाळी धारा काढण्यापूर्वी मुलाच्या दप्तरातील चुंबक घ्यावे व गव्हाणीतील चाऱ्यातून एकदा फिरवून पाहावे. काही निघाले नाही तर समाधान मानावे. एक तार जरी निघाली, तरी ती जनावराच्या पोटातून नव्हे, गव्हाणीतून निघाली, हा फायदा मोठा आहे.